जरा कमी कर

परवा रात्री साडेअकराला आमच्या घरात मराठी भाषेवरून भांडण झालं. सौ. म्हणाली, "एसी जरा कमी कर रे." चिरंजीवांनी रिमोट उचलला आणि २४ चे २२ केले. पाच मिनिटांनी पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढत ती म्हणाली, "अरे, कमी कर म्हटलं ना!" त्याने २० केले. तिसऱ्यांदा ती उठूनच बसली, तेव्हा तो वैतागला, "आई, १८ च्या खाली जातच नाही गं हा!"

तिच्या मते कमी म्हणजे गारवा कमी. त्याच्या मते कमी म्हणजे आकडा कमी. दोघंही मराठी माध्यमातले. स्टार लावलेला घरगुती एसी चालू केला की आधी २४ वरच यावा, असा नियम केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून केला. 'कमी'चा अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोडला.

या भांडणात मी तटस्थ होतो, म्हणजे झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. पण माझ्या मते चूक दोघांचीही नाही, यंत्राची आहे. आमची भाषा कंदिलाची. वात बारीक केली की उजेड बारीक, मोठी केली की मोठा. त्याच शब्दांवर स्टोव्ह आला, गॅस आला, रेडिओ आला. "टीव्ही बारीक कर" म्हटलं म्हणून आजवर कुणी टीव्हीला करवत लावली नाही. आकडा चढवला की जोर उतरतो, असलं उफराटं यंत्र घरात आल्यावर मराठीने करायचं काय?

एरवी तिचं काही अडत नाही. 'लावणे' आणि 'काढणे' एवढ्या दोन क्रियापदांवर अख्खा संसार चालतो. कुकर लावतो, मशीन लावतो, गजर लावतो, फोन लावतो, तोच फोन चार्जिंगला लावतो. वाटण मिक्सरमधून काढतो, झेरॉक्स काढतो, तिकीट काढतो, एटीएममधून पैसे काढतो, आणि हप्ते फेडायला कर्जही काढतो. पोरांनी तिसरं आणलंय, 'मारणे'. प्रिंट मार, रिचार्ज मार, रीस्टार्ट मार. घरात एवढी मारामारी चालते आणि शेजारी दार वाजवत नाहीत, कारण तेही आत काहीतरी मारतच असतात.

मी मात्र शुद्ध मराठीचा माणूस. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भल्या सकाळी फोनची भाषा मराठी केली. दुसऱ्या दिवशी गजर वाजला तेव्हा पडद्यावर दोन पर्याय होते: 'स्नूझ करा' आणि 'डिसमिस करा'. मायबोलीत जागं होण्याचं सुख काही औरच.

त्याच उत्साहात एटीएमवर गेलो आणि मराठीचं बटण दाबलं. यंत्र म्हणालं, गोपनीय क्रमांक प्रविष्ट करा. केला. मग म्हणालं, आहरण. हा शब्द मी आजवर फक्त 'आहरण व संवितरण अधिकारी' या पाटीवर वाचला होता. त्या पाटीमागून पैसे निघायला किती दिवस लागतात हे ठाऊक असल्यामुळे मनाची तयारी केली. 'आपला व्यवहार प्रक्रियाधीन आहे' हे वाचल्यावर तर बसायला बाक शोधू लागलो. मागच्या रांगेतून अस्सल मराठीत सूचना आली, "काका, इंग्लिश दाबा ना!"

नवे शब्द रुजतच नाहीत असं नाही. सावरकरांचे चित्रपट, दिग्दर्शक, महापौर आपण कधीच पचवले. त्यांचाच दूरध्वनी मात्र लेटरहेडवर राहिला. "दूरध्वनी लाव" असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्यापुढचा भ्रमणध्वनी तर मध्यरात्री पडक्या वाड्यातून ऐकू येत असावा. संगणकाचं बरं चाललंय: शाळेत कक्षावर त्याची पाटी आहे, सरकारी अर्जात त्याला रकाना आहे. पण तो चालू असेपर्यंतच संगणक. अडला की त्याचा ताबडतोब कंप्युटर होतो, आणि मग मराठीला जी काही पालवी फुटते! तो बसतो, गंडतो, लटकतो, बोंबलतो, शेवटी मरतो. दुरुस्तीवाला येऊन, मागे दोन टपल्या मारून, "कार्ड उडालंय साहेब" एवढंच सांगतो. कुठलं कार्ड, कुठे उडालं, विचारायचं नसतं. फक्त पैसे प्रविष्ट करायचे.

आमच्या ऐंशीच्या आईचा शब्दसंग्रह याहून छोटा आहे. व्हिडिओ अडकला की ती म्हणते, "ते गोल गोल फिरायला लागलं." मायक्रोवेव्ह म्हणजे 'तीनदा टुंग करायचं ते'. तिच्या हातून आजवर एकही वस्तू बिघडलेली नाही. मी माहितीपुस्तिका वाचून दोन बिघडवल्या आहेत.

तर, त्या रात्री प्रकरण १८ वर अडलं होतं. चिरंजीव आईला सेल्सिअस समजावून सांगत होते. आई त्यांना, ते नऊ महिन्यांचे असताना कसे सर्दीने बेजार व्हायचे, ते सांगत होती. तेवढ्यात सगळं एकदम शांत झालं. पंखा थांबला, एसीचा हिरवा ठिपका विझला. पेपरात याला भारनियमन म्हणतात. समोरच्या इमारतीतून कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली!" आतल्या खोलीतून माझ्या आईने विचारलं, "आपलीच गेली की सगळ्यांची?"

सगळ्यांची म्हटल्यावर तिचं समाधान झालं. सौ.ने चादर पायाखाली सारली आणि अंधारातच म्हणाली, "बघ, याला म्हणतात कमी करणं."