डिस्कवाले काका

लॅपटॉप चालू होईनासा झाला की घरातल्या माणसांची अक्कल एका ठरलेल्या क्रमाने चालते. आधी बटण दाबून धरतात. मग चार्जर काढून पुन्हा लावतात. मग काळ्या पडद्यावरची 'नो बूटेबल डिव्हाइस' ही ओळ एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात. शेवटी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याला फोन जातो आणि भाचा बेधडक सांगतो, "मामी, फॉरमॅट मारू या." एवढ्यात कुणाला तरी सुबुद्धी होते. "थांब रे, आधी डिस्कवाल्या काकांना विचारू."

हे काका डोंबिवलीपासून डेक्कनपर्यंत कुठल्याही सोसायटीत असतात. साठी उलटलेली, बँकेच्या ईडीपी खात्यातून नाहीतर टेलिफोनमधून निवृत्ती, गळ्यात दोरीने लोंबणारा चष्मा. सुट्या स्क्रूंसाठी फ्रिजमधला बर्फाचा ट्रे कायमचा पळवलेला, त्यावरून काकूंशी शीतयुद्ध. पैसे घेत नाहीत. मेहनताना म्हणून चहा, आणि काम चालू असेपर्यंत समोर बसून ऐकणारा एक माणूस. यातलं दुसरं महाग पडतं.

काका लॅपटॉपला लगेच हात लावत नाहीत. आधी उलटतपासणी.

"पडला होता?"

"छे हो."

"पडला होता का, असं विचारतोय मी."

"म्हणजे... सोफ्यावरून. पण गालिचा होता खाली."

"आवाज येतो? टक्, टक्, टक् असा?"

इथे 'हो' म्हणालात तर काका लॅपटॉप मिटून तुमच्या हातात देतात. आता एकदाही चालू करायचा नाही! आत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत असते, वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटरचं अंतर राखून फिरत असतं. हेडच बिघडलं असेल, तर प्रत्येक वेळी बटण दाबताना तबकडी खरवडली जायची भीती. असली डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्या लॅबकडेच न्यायची, आणि तिथला आकडा ऐकताना खुर्चीत बसून ऐकायचा. एका गृहस्थांनी कुठेतरी वाचून डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती, मटारांच्या पिशवीशेजारी. काका अजून त्यांना जिन्यात ओळख देत नाहीत.

आवाज नसेल तर मात्र काकांचा चेहरा खुलतो. कपाटातून उबुंटू भरलेला पेन ड्राइव्ह निघतो. त्याला काळा करगोटा बांधलेला. दृष्ट लागू नये म्हणून नव्हे, कुणी ढापू नये म्हणून. तो खोचून काका एफ-ट्वेल्व्हच्या बटणावर बोट आपटत राहतात आणि मेलेल्या लॅपटॉपवर पाचेक मिनिटांत डेस्कटॉप उगवतो. मामी हात जोडतात. काका तुच्छतेने म्हणतात, "डिस्क ठणठणीत आहे. विंडोज गेलंय तुमचं." लग्नाचे फोटो, आयकर विवरणं, पोराची जात पडताळणी, सगळं जागच्या जागी. अशा वेळी काका किंचित खट्टू झालेले मी पाहिलेत. फारच सोपं निघालं.

त्यांचा खरा हंगाम 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' अशी पाटी आली की सुरू होतो. त्या पाटीवर काकांचा वैयक्तिक राग आहे. "हो म्हणायचं नाही. काहीही म्हणाली तरी नाहीच." मग डीडीरेस्क्यू लावून आख्ख्या डिस्कची प्रत काढायची. तो आधी वाचता येईल तेवढं वाचून घेतो, अडेल तो भाग सोडून पुढे जातो आणि शेवटी अडलेल्या जागी परत येऊन चिकाटीने टोकरत बसतो. काकांना तो आवडतो यात नवल नाही. निवृत्तिवेतनाचा अर्ज काकांनी असाच मंजूर करून घेतला. जी काही खटपट करायची ती प्रतीवर, मूळ डिस्क बाजूला. त्या प्रतीवर टेस्टडिस्क चालवायचं, तेही हरलं तर फोटोरेक.

आणि फोटोरेक म्हणजे संकट. तो फाइलची नावं बघत नाही, आतला मजकूर ओळखून बाहेर काढतो. पुसलेली फाइल तशीही लगेच नाहीशी होत नसते; तिची नोंद जाते, मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. त्यामुळे हवं ते मिळतंच, शिवाय मुद्दाम पुसलेलंही हजर होतं. बँकेच्या संकेतस्थळांवरची बोटभर चित्रं, नकार आलेल्या स्थळांचे बायोडेटा, सेक्रेटरींनी लिहून न दिलेले राजीनामे, आणि एकदा तर जोशीकाकूंना न सांगता जोशीकाकांनी केलेल्या गोव्याच्या सहलीचे फोटो. सोसायटीत कुणाच्या पोटात काय आहे ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण माणूस सभ्य. असलं काही पडद्यावर आलं की ते पंख्याकडे बघत म्हणतात, "हे बहुधा सिस्टिमचं असावं."

अलीकडे काकांचे दिवस फिरलेत. एसएसडीवर पुसलेलं ट्रिममुळे बहुतेक वेळा कायमचंच जातं. त्यात नवा लॅपटॉप आपण होऊन बिटलॉकर लावून बसतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो.

"मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल ती."

"खातं दुकानदाराने काढून दिलं."

"पासवर्ड?"

"त्यालाच माहीत."

"मग दुकानात जा."

"तिथे आता मोमोजचं दुकान आहे हो."

यावर काका चष्मा काढून पुसतात. उबुंटूकडे मोमोजवर उपाय नाही.

फाइली हाती देताना काकांचं प्रवचन असतं: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. त्यांची स्वतःची तिसरी प्रत चिपळूणला बहिणीकडे असते; २०२१च्या पुरानंतर ती तळमजल्यावरून माळ्यावर गेली. मंडळी माना डोलावतात. परवा मामींनीही डोलावली.

"पटलं हो काका. मग आता लॅपटॉप फॉरमॅट मारायचा ना?"

"मारा आता खुशाल."

"आणि या फाइली परत त्याच्यावर टाकते. डेस्कटॉपवरच, म्हणजे समोर दिसतील."

"टाका. पण ही बाहेरची डिस्क नीट कपाटात..."

"ती रिकामी करून द्या ना काका. भाच्याला सिनेमे न्यायचेत."