मार्च 92ची बॅच

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला म्हणून कोणी माजी विद्यार्थी होत नाही. त्याला पन्नाशी उजाडावी लागते. गृहकर्ज फिटत आलेलं, थोरला इंजिनिअरिंगला लागलेला, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली, असा मुहूर्त साधून तो व्हॉट्सॲपवर ‘मार्च 92 बॅच’ नावाचा ग्रुप काढतो आणि रोज सकाळी सहापासून शाळेवर प्रेम करू लागतो. मधली तीस वर्षं शाळा होती तिथंच होती, गळक्या कौलांसकट. हा तिच्यावरून गाडी घेऊन जातही होता. म्हणून मला वाटतं, त्याचं शाळाप्रेम शाळेपेक्षा त्याच्या आजच्या बऱ्या परिस्थितीवर जास्त अवलंबून असतं.

पुरावा हवा तर छडीचा घ्या. स्नेहमेळाव्यात माइक हाती आला की तो आधी छडीचे आभार मानतो. ‘सरांनी फोडून काढलं म्हणून आज इथवर आलो!’ इथवर म्हणजे बँकेच्या शाखाधिकारीपदापर्यंत. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली आणि पिढी बिघडली, हेही त्याचं ठरलेलं. मात्र धाकटीला बाईंनी वर्गात नुसतं उभं केलं, तर हा दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मुख्याध्यापकांपुढे हजर! (शाळा अर्थातच इंग्रजी माध्यमाची.) तीच छडी खाऊन दहावीला गणितात अडकलेला वर्गबंधू आज शाळेसमोर पंक्चर काढतो. तो मेळाव्याला येत नाही, आणि छडीबद्दल त्याचं मत कोणी विचारत नाही. आठवणींचंही तसंच. टिळकांच्या टरफलांचा धडा सगळ्यांनीच गिरवलेला, त्यामुळे प्रत्येकाने कधी ना कधी सरांना बाणेदार उत्तर दिलेलं असतं. सर मात्र शाल-श्रीफळ घेताना डोळे बारीक करून एवढंच विचारतात, ‘तू ड तुकडीतला का रे?’

कोणी म्हणेल, हेतू काही का असेना, शाळेला पंखे तर मिळतात! मिळतात खरे. लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांना संगणक मिळाले, पाण्याच्या टाक्या मिळाल्या. ते नाकारणं कोतेपणाचं होईल. पण पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘सौजन्य : दहावी अ, 1992’ रंगवलेलं असतं, आणि फिरू लागला की ते वाचता येत नाही म्हणून फोटो होईपर्यंत पंखा बंद ठेवतात. मुतारीच्या दुरुस्तीला वर्गणी निघत नाही. तिथे नाव घालायला कोण तयार होणार?

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, तो वर्गातल्या मुलींचा. लग्नात कित्येकींचं आडनावच काय, नावही बदललं. ग्रुपवर त्या माहेरच्या नावाने येतात. ‘ए जोशी, अक्षर अजून तसंच का गं?’ असं विचारणारं माणूस त्यांना दुसरीकडे कुठे भेटणार? त्यांच्या शाळाप्रेमाचा आजच्या परिस्थितीशी संबंध असलाच तर उलटा. तिच्यापासून दोन तास सुटका. पन्नाशीची मुलं माइकसाठी भांडत असताना त्या मागच्या बाकांवर पोट धरून हसत असतात. शेवटी जेवणाचा हिशेबही त्यांनाच लावावा लागतो, आणि टी-शर्टाचे पैसे थकवणारे चौघेही माइकवाल्यांपैकीच निघतात.