बिनफेडीची उचल

परदेशातल्या कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकायला जायचं असेल तर सगळ्यात आधी एक मामा लागतो. हुशारी, इंग्रजी आणि गरिबी यांचं नंतर बघता येतं. मामा झेडपीचा मास्तर असला तर सोन्याहून पिवळं, कारण शासनाचं परिपत्रक न रडता वाचायची त्याला सवय असते आणि साहेब जेवायला गेलेले असताना बाकावर कसं बसावं, यात त्याची हयात गेलेली असते. प्रस्तुत मार्गदर्शक असाच एक मामा आहे. मुक्काम पाथर्डी तालुका, जिल्हा नगर. कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर. त्यामुळे भाचीच्या जन्मदाखल्यावर एक जिल्हा आणि नव्या दाखल्यांवर दुसरा. एका परदेशी अर्जाच्या यादीत नवा जिल्हा सापडेना, दुसऱ्या अर्जाला जुना चालेना. पोरगी एकदाच जन्मली, हे पटवण्यातच आमचा एक आठवडा गेला.

भाचीचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी उरकली की टोळी निघते. नवराबायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. मुकादम आधी उचल देतो, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. अशा घरात शिष्यवृत्ती समजावून सांगणं हे अर्ज भरण्याहून अवघड काम आहे.

“ते लोक शिकायला पैसे देतात, अक्का,” मी म्हणालो.

“उचल किती?”

“सगळी फी, राहणं, खाणं, विमानाचं तिकीट.”

“अन् फेडायची कशी?”

“फेडायची नाही.”

अक्का कोयत्याला कानस मारत होती, ती थांबली. “मंग त्यात कायतरी काळंबेरं हाय,” म्हणाली, आणि पुन्हा कानस मारायला लागली.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. कुठलीही योजना आली की ती आधी उचलीच्या भाषेत अक्काला सांगायची. तिला पटली तरच अर्ज. पुण्यातले सल्लागार याच कामाचे पैसे घेतात आणि त्यांना उसातलं काही कळत नाही.

या पद्धतीनं तपासलेला पहिला दाखला १९१३ चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. अक्कानं मान डोलावली. दहा वर्षं बांधून घेतलं म्हणजे व्यवहार खरा. पुढं काय झालं, असं तिनं विचारलं. पुढं १९१७ साली ते फेड करायला बडोद्याला गेले आणि एवढ्या शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. अक्का यावर काही बोलली नाही. टोळीची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, गावाबाहेरच का घालावी लागते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोलंबियानंतर लंडनला सुरू होऊन अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला मग शाहू महाराजांची मदत झाली आणि नवल भाथेना या मित्राचं कर्ज. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची जी परदेश शिष्यवृत्ती आहे तिला राजर्षी शाहूंचंच नाव आहे.

दुसरा दाखला जमशेटजी टाटांचा. १८९२ साली त्यांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो आजही चालू आहे. त्यातल्या मदतीला म्हणतात लोन स्कॉलरशिप. नाव शिष्यवृत्तीचं, चाल उचलीची. अक्काचा यावर ताबडतोब विश्वास बसला.

आता बारावीनंतरच्या कॉलेजाकडे वळू. अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी अगदी मोजकी ठिकाणं परदेशी पोरांनाही प्रवेश देताना त्यांची ऐपत बघत नाहीत, आणि एकदा घेतलं की घरच्यांना झेपणार नाही तेवढा सगळा खर्च स्वतः उचलतात. घरात आम्ही त्यांना आंधळी कॉलेजं म्हणतो. बाकीची डोळस. डोळस कॉलेज तुमच्याकडे प्रेमानं बघतं, तुमच्या गरिबीबद्दल हळहळतं आणि दुसऱ्याच्या पोराला घेतं. आंधळ्यांच्या दारात गर्दी एवढी असते की आपला नंबर लागणं म्हणजे मोहटा देवीच्या नवरात्रात चप्पल जागेवर सापडणं. म्हणून शहाण्यानं दोन्हीकडे अर्ज करावा.

त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा एक अर्ज भरायचा असतो. तो वाचताना माणसाला आपल्या श्रीमंतीचे भास होतात. घराची आजची बाजारातली किंमत काय? घर कोणत्या साली घेतलं? दाजी म्हणाले, पत्रे ज्या साली बदलले तेच साल टाका. किंमत विचारली तर म्हणाले, “इकत कोण घ्यायलंय?” मी शून्य टाकलं, तर अर्ज लाल झाला. मग आलं, राहत्या घराशिवाय दुसरी स्थावर मालमत्ता आहे का? अक्का चुलीपुढून म्हणाली, “हाय की. कारखान्यावर कोपी.” सहा महिने तिथं राहतात, म्हणजे खोटं नाही. उसाच्या पाचटाची ती कोपी मी कोणत्या रकान्यात घालायची, यावर माझी रात्र गेली. शेवटी ‘नाही’ लिहिलं. भाचीला त्या वर्षी एका डोळस कॉलेजानं प्रतीक्षा यादीवर ठेवलं, आणि ती यादी अजूनही प्रतीक्षेत असावी. तिनं कृषीच्या बीएस्सीला प्रवेश घेतला आणि मार्गदर्शनाचा दुसरा हंगाम चार वर्षांनी सुरू झाला, एमएस्सीसाठी.

या हंगामात कागदं लागतात. गरीब असून भागत नाही, गरीब असल्याचा दाखला लागतो, आणि तो मार्चअखेर शिळा होतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आम्ही ज्यांच्यापुढं बसलो ते गृहस्थ सज्जन होते, पण त्यांना एक शंका आली. उचल हे उत्पन्न धरायचं की कर्ज? उत्पन्न धरलं तर कुटुंब अचानक बरं दिसायला लागतं. कर्ज धरलं तर वर्षाचं उत्पन्न शून्याच्याही खाली जातं, आणि उणे उत्पन्नाला रकाना नाही. आम्ही तिघांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत अर्थशास्त्र सुटलं नाही, तेव्हा गावात सगळ्यांना देतात तोच आकडा आम्हालाही दिला.

अक्काचं नाव रेशनकार्डावर मंगल, आधारवर मंगलबाई आणि भाचीच्या दहावीच्या मार्कशीटवर मंगला. तिन्ही बाया एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. जातीचा दाखला, त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांचं वर्णन करत नाही. ज्यांनी काढलेत त्यांना ते आठवायचं नाही आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांचा धीर कशाला खचवा.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत एकूण १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. होय, सबंध भारतातल्या भूमिहीनांना आणि कारागिरांना मिळून चार. तरी मी आनंदानं दाजींना सांगितलं, की तुमच्यासाठीच आहे ही. पण दाजींच्या नावावर दोन एकर मुरमाड आहे. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही, उगवलं असतं तर माणूस ऊस तोडायला कशाला गेला असता? तरी सातबारा आहे तो आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्या जमिनीनं काहीतरी करून दाखवलं. आमची भूमिहीनता बुडवली.

विद्यापीठ कुठलं निवडावं? इथं क्यूएस नावाची क्रमवारी आडवी येते. केंद्राच्या योजनेला पहिल्या पाचशेतलं विद्यापीठ लागतं, राज्याच्या योजनांचा हात बहुतेक दोनशेच्या पुढं पोचत नाही. ही क्रमवारी कशी लावतात हे मढीच्या यात्रेत गेलेल्या माणसाला चटकन कळेल. तिथल्या गाढवांच्या बाजारात दात बघून दुवान, चौवान, अखंड असे भाव ठरतात. गाढव ओझं किती वाहतं हे नंतर, घरी नेल्यावर कळतं.

योजनांपैकी अक्काला सगळ्यात सोपी गेली जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही. फक्त जायच्या आधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात दाखवायचे, आणि तिथं गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ आपल्यालाच मिळतात. “म्हंजी आपलेच पैसे ठिवून घ्यायचे अन् खर्ची द्यायची,” अक्का म्हणाली. “मुकादम बरा.” म्हणजे फुकट शिकायला आधी अकरा-बारा लाख जवळ हवेत. पुढं बघा.

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तास काम केल्याचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. भाचीकडे तेवढे तास नव्हते. अक्कानं हिशेब केला. दिवसाचे बारा तास धरले तर तिचे स्वतःचे दीड हंगामातच भरतात. “मोळ्या बांधल्याले धरत्यात का?” मी नियमावली पुन्हा वाचली. मोळ्यांचा उल्लेख नव्हता, मनाईही नव्हती.

परतण्याच्या अटीबद्दल पालकांना आपल्या जिल्ह्यातलं एक उदाहरण मुद्दाम सांगू नये. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं फुलब्राइटवर अमेरिकेला गेलं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकलं आणि १९७० साली दवाखाना काढायला थेट जामखेडला येऊन बसलं. जामखेडला! खेड्यातल्या निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं, १९७९ साली मॅगसेसे मिळालं, आणि आता परदेशातली पोरं शिकायला जामखेडला येतात. असले दाखले ऐकून मुलं परत आली तर सोयरिकीत केवढी अडचण होते.

शेवटी आमचं युरोपच्या इरॅस्मस मुंडसवर ठरलं. फी माफ, महिन्याला १,४०० युरो, आणि दोन किंवा जास्त देशांतल्या विद्यापीठांत फिरून शिकायचं. “येका पट्ट्यात दोन कारखाने,” अक्का म्हणाली. तिची मंजुरी मिळाली.

मग आयईएलटीएस. इंग्रजी येतं हे सिद्ध करायची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. म्हणजे पोरीचं इंग्रजी जवळपास ४९ टन उसाचं. परीक्षेला जाताना मी तिला हे सांगितलं नाही, तिनं स्वतःच काढलं होतं.

शिफारसपत्रांसाठी आम्ही तिच्या एका सरांकडे गेलो. सर मोठ्या मनाचे. “तूच लिहून आण, मी डोळे झाकून सही करतो,” म्हणाले. तिनं लिहून नेलं, तर सरांनी डोळे उघडून एक ओळ वाढवली, की मुलगी अत्यंत आज्ञाधारक असून कधीही प्रश्न विचारत नाही. संशोधनाच्या अभ्यासक्रमाला असं पत्र घेऊन जाणं म्हणजे धावण्याच्या शर्यतीला प्लास्टर घालून जाणं. ती ओळ काढायला लावण्यासाठी मला सरांच्या घरी दोनदा जावं लागलं आणि त्यांच्या चिरंजीवांच्या हस्ताक्षराचं कौतुक करावं लागलं.

राहिलं एसओपी. म्हणजे आपण का शिकणार, याचं निवेदन. पुण्यातल्या एका सल्लागारानं फुकट दिलेला एकमेव सल्ला असा, की पहिल्या वाक्यात आईचा कोयता आणा, परदेशी लोक विरघळतात. मी आणला. उसाचं पाचट, कोपीतला कंदील, सगळं आणलं, आणि कंदील घालताना माझेच डोळे भरले. वास्तविक कोपीत हल्ली बॅटरीचा दिवा असतो. भाचीनं पान वाचलं आणि पहिली बारा वाक्यं उडवली. “कोयता आईचाय, मामा. मी कधी धरलाय?” तिनं लिहिलं ते दोन एकर मुरमाडाबद्दल. पाऊस पडल्यावर त्यात ओल किती दिवस टिकते, हे ती नववीपासून वहीत मांडत होती. मला याचा पत्ता नव्हता. मामा असणं आवश्यक आहे, असं मी वर लिहिलंय. त्याला मर्यादा आहेत, एवढं इथं नोंदवतो.

मार्चमध्ये ईमेल आला. निवड झाली होती, राखीव यादीत, क्रमांक सात. मी शाळेत होतो. मी हेडमास्तरांना सांगितलं, हेडमास्तरांनी सरपंचांना, आणि राखीव म्हणजे राखीव जागेवर झाली असं समजून संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. भाचीचा फोटो बोटाएवढा, वर सगळे नेते, खाली शुभेच्छुक छत्तीस. त्यात माझं नाव नाही, पण ते असो. राखीव यादी म्हणजे वरच्यांपैकी कुणी नको म्हटलं तर आपण, हे गावाला सांगायचं धाडस माझ्यानं झालं नाही.

अक्काला मात्र सांगावं लागलं. ती अजून कारखान्यावर होती. फडात रेंज नसते, बांधावर चढून बोलत होती.

“सातवा म्हंजी आपल्या आधी सहा जण?”

“राखीव यादीत सहा. आणि त्यांच्याही आधी निवडलेले सगळे. त्यांच्यातली सात जणं गळाली तर आपला नंबर.”

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मागं ट्रॅक्टर आला होता, कुणीतरी मोळ्या उचलायला हाका मारत होतं.

“भाऊ,” अक्का म्हणाली, “त्या सात जणांला दुसरा कुनी चांगला मुकादम हाय का बघ की.”