गाड्या तितक्या प्रकृती

आमच्या घरात शक, संवत, इसवी सन असलं काही चालत नाही. कुठलीही गोष्ट कोणत्या गाडीच्या वेळची, एवढंच विचारायचं. थोरल्या भावाची मुंज पहिल्या गाडीच्या काळातली, माझं लग्न मारुतीच्या काळातलं आणि आजी गेली ती या दोहोंच्या मधल्या, म्हणजे एस.टी.च्या काळात.

लोकांना वाटतं, माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे गाडी निवडतो. मला आलेला अनुभव नेमका उलटा आहे. गाडी दारात येते, हार-नारळ होतो, कंदी पेढे वाटून संपतात आणि महिन्याभरात घरातला कर्ता माणूस ओळखू येईनासा होतो.

आणि निवडायला तेव्हा होतं तरी काय? आमच्या लहानपणी मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. साताऱ्यात त्यांची वाटणीही ठरलेली होती. अ‍ॅम्बॅसडर साखर कारखान्याच्या चेअरमनची आणि कलेक्टरसाहेबांची. फियाट डॉक्टर-वकिलांची. स्टँडर्ड हेरल्ड एखाद्या हौशी प्रोफेसराची. उरलेल्या जनतेची एस.टी.

अ‍ॅम्बॅसडर मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला ती बनू लागली आणि थेट २०१४पर्यंत जवळजवळ त्याच चेहऱ्याने बनत राहिली. तिच्या मागच्या सीटचा गुण असा, की बसणाऱ्याची पाठ आपोआप रेलते आणि हात आपोआप नमस्कारासाठी खिडकीशी जातात. आमच्या ओळखीच्या एका हेडक्लार्कना कसल्याशा कामासाठी एकदा कारखान्याची गाडी न्यायला आली होती. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पोचेतो त्यांनी दोघांना ‘बघतो तुमच्या कामाचं’ असं सांगूनही टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सायकलवर दिसले. पण त्या दोघांच्या कामाची फाइल त्यांनी खरंच हलवली, असं म्हणतात.

फियाट आमच्या समोरच्या डॉक्टरांकडे होती. ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची. कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे सोलापूरच्या माणसाने. त्यामुळे आमचे अण्णा तिला ‘आपलीच गाडी’ म्हणत. ती घ्यायची ऐपत नव्हती, हा भाग वेगळा. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. पण सासरी कितीही हौसेने नाव बदललं तरी माहेरची माणसं ‘बेबी’च म्हणतात, तसं उभ्या महाराष्ट्राने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. गिअर स्टिअरिंगच्याच दांड्यावर. त्यामुळे पुढे सलग सीट आणि तिच्यावर तिघं. लग्नसराईत चौथाही बसायचा. त्याला ‘गिअरला तुमचा गुडघा लागत नाही ना, मग झालं तर’ असं सांगण्यात येई.

हे डॉक्टर मूळचे जमदग्नी. पथ्य मोडलेल्या पेशंटचा आवाज वर चढायच्या आत त्यांचा चढायचा. पण कार्बोरेटरच्या जमान्यात कोणतीही मोटार साताऱ्याच्या थंडीत मिनतवाऱ्या केल्याशिवाय उठत नसे. गार इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, म्हणून चोक ओढायचा. कमी ओढला तर गाडी ढिम्म. जास्त ओढला तर प्लग ओले होऊन ती तासभर रुसायची. पहाटे शेंद्र्याला बाळंतपणासाठी निघालेला डॉक्टर चोकशी आरडाओरडा करून काही साधत नाही. दोन हिवाळ्यांत डॉक्टर इतके मवाळ झाले, की ‘काल भजी खाल्ली’ म्हणणाऱ्या मधुमेह्यालाही ते ‘हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करू’ असं म्हणू लागले.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या गाडीचं नाव मी सांगणार नाही. ती बनवणारी कंपनी आणि ती आमच्या गळ्यात मारणारा एजंट, दोन्ही आता हयात नाहीत आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. गाडी तिसऱ्या हाताची होती. अण्णा जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या हाताखाली एक शिपाई होता आणि तोही दुसऱ्या साहेबाबरोबर वाटून घेतलेला. घरात तर आजीपुढे त्यांचं काहीच चालत नसे. त्या गाडीने आमच्या या गरीब माणसाचा सेनापती केला.

रणांगण म्हणजे खंबाटकी घाट. बोगदा तेव्हा व्हायचा होता, पुण्याला जायचं तर घाट चढूनच. सुरूर मागे पडलं की अण्णांचा आवाज बदलायचा. “आपापल्या जागा!” माझी जागा अण्णा आणि काका यांच्या मधे. काम, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि तो लाल रेघेकडे सरकला की ‘अण्णा, काटा!’ असं ओरडायचं. भाऊ मागे, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन. आई रसदीवर, म्हणजे चिवड्याच्या डब्यावर. आणि बाळूकाका दगडावर. गाडी थांबली की मागे घसरू नये म्हणून चालत्या गाडीतून उडी मारून चाकामागे दगड ठेवायचा, ही कामगिरी काकाने स्वतःहून मागून घेतली होती. घाटातला कुठलाही दगड त्याला चालत नसे. त्याचा स्वतःचा निवडक, एका बाजूने तासलेला दगड डिकीत असायचा. गाडी जाऊन कैक वर्षं झाली, दगड अजून परसात आहे आणि उत्तम स्थितीत आहे.

खामजाईच्या देवळापाशी बोनेट उघडून आम्ही वाफ निवायची वाट पाहत बसायचो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे ज्ञान मला पाढ्यांच्या आधी झालं. मग वडापवाले थांबायचे. वडापच्या जीपमध्ये बाराएक माणसं आत आणि दोन मागे लटकलेली. ती सगळी उतरून आमच्या इंजिनाभोवती कोंडाळं करायची. “फॅनबेल्ट बघा.” “गॅसकेट गेलं असणार.” “मालक, घाट उतरला की विकून टाका.” शेवटच्या सल्ल्याला आई मान डोलवायची. अण्णा मात्र छाती पुढे काढून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “पाणी घाला.” निर्णय कधीच बदलत नसे, पण तो सुनावण्यात जरब होती. पुण्याहून परत आले की ते आजीलाही दोन दिवस वर मान करून बोलत. तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये जायची आणि अण्णा मूळपदावर यायचे.

मारुती आली आणि सेनापती निवृत्त झाले. पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीतल्या एका गृहस्थांच्या हाती दिली. आमच्या हाती यायला नव्वदचं दशक उजाडलं. तीन सिलिंडरांचं, ७९६ सीसीचं ते चिमुकलं इंजिन किल्ली फिरवली की सुरू व्हायचं. काही म्हणता काही करावं लागत नसे. पहिल्या दिवशी बाळूकाका सवयीने धक्का मारायला मागे जाऊन उभा राहिला आणि गाडी त्याला तिथेच सोडून निघून गेली. पुढे कितीतरी दिवस तो ‘अलीकडच्या गाड्यांत माणुसकी नाही’ असं म्हणायचा.

शौर्याला वाव उरला नाही, तेव्हा अण्णा हिशेबाकडे वळले. त्यांनी अ‍ॅव्हरेजची वही घातली. तारीख, टाकी फुल, किलोमीटर, लिटर, हवेचं प्रेशर, गाडीत कोण कोण. जाडजूड माणसांच्या नावापुढे फुली असायची. आत्याला स्टँडवर सोडायला जाताना अण्णा नेहमी रिक्षाची चौकशी का करायचे, ते मला ती वही हाती लागली तेव्हा समजलं. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये. सिग्नल लांबून दिसला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, मग मागचा कितीही भुंको. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. एसी होता, पण तो लावला की अ‍ॅव्हरेज पडतं. लावला नाही तर लोक म्हणणार, एसी नाही. अण्णांनी यावर तोडगा काढला: एसी बंद आणि काचाही बंद. ऐन मे महिन्यात आम्ही घामाने निथळत, चेहऱ्यावर गारवा आणून राजपथावरून जायचो.

वहीतले आकडे खरे असत. लोकांत सांगायचे वेगळे. मराठी लग्नात दोन गाडीवाले भेटले की पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच. एकाने अठरा म्हटलं की दुसऱ्याने वीस म्हणायचं आणि पहिल्याने सावरून घ्यायचं, “अठरा गावात. हायवेला बावीस सहज.” ‘हायवेला’ हा शब्द उच्चारला की आकड्याला पुरावा लागत नाही. अण्णांसारखा सत्यवचनी माणूस, पण मंगल कार्यालयाच्या पायरीवर त्यांची मारुती हायवेला थेंबावर चालायची.

मी गाडी शिकले ती याच मारुतीवर. अण्णा शेजारी बसायचे. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, हे त्यांना एकदाही मान्य झालं नाही. समोर म्हैस दिसली की त्यांचा उजवा पाय जिवाच्या आकांताने खाली जायचा. गाडी विकली तेव्हा माझ्या बाजूचं मॅट जवळजवळ नवं होतं आणि त्यांच्या बाजूचं फाटून पत्रा दिसत होता.

याच सुमारास माझ्या चुलतभावाने सुमो घेतली. टाटांनी १९९४ साली ही गाडी काढली, तिचं नाव ठेवलं आपल्या सुमंत मूळगावकरांवरून. लोकांना मात्र जपानी पैलवान आठवायचा आणि भावाच्या बाबतीत लोकांचंच खरं ठरलं. हा सुनील ग्रंथालयात नोकरीला. हळू बोलण्याचाच पगार घेणारा माणूस. सुमोत बसायला पायरी चढावी लागते. ती चढला आणि तो पुन्हा म्हणून खाली आलाच नाही. आधी पांढरे कपडे आले. मग गॉगल. मग ४१४१ हा नंबर. आकड्यांना थोडी वेलांटी दिली की त्यांचा ‘दादा’ होतो. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लागला, तेव्हा आमची काकू म्हणाली, “मला विचारलंन सुद्धा नाही.” पुढे तो तीन गणेश मंडळांचा सल्लागार झाला. ग्रंथालयातही ‘शांतता राखा’ असं तो अशा काही आवाजात सांगायचा, की वाचक पुस्तक ठेवून घरी जायचे. आता सरकारी साच्याच्या नंबरप्लेटी आल्या, त्यांत ४१४१ हे ४१४१च दिसतात. सुनील हल्ली बराच खचला आहे.

नॅनोने आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा वकील केला. स्कूटरवर आईबाप आणि मुलं दाटीवाटीने पावसात चाललेली पाहून रतन टाटांच्या मनात ही गाडी आली. २००८ साली ती लाख रुपयांची म्हणून जगासमोर आली आणि तिथेच फसली. मराठी माणूस काटकसर जन्मभर करेल. पण ती चारचौघांत दिसली तर त्याला चालत नाही. पोस्टमास्तर कोणी काही विचारायच्या आधीच बाजू मांडायला लागत. “इंजिन मागे आहे, म्हणून आत एवढी ऐसपैस. डिकीला बाहेरून दार नाही, म्हणून चोरीची भीती नाही. आणि लाखाची नव्हे हं, आमचं वरचं मॉडेल.” दूधवाल्यालासुद्धा ही कैफियत ऐकावी लागे. गाडी खरोखर गुणी होती. अरुंद बोळात ती जिथे वळायची तिथे सुमोला तोंड घालता येत नसे. पण गुणांची यादी मालकालाच वाचावी लागली, की ऐकणाऱ्याला संशय येतो.

आता आमच्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे. अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे. ते पुढे बसतात आणि दर वेळी विचारतात, “सुरू झाली का?” तोवर आम्ही चौक ओलांडलेला असतो. पट्टा लावला नाही तर गाडी ओरडते, दार नीट लागलं नाही तर ओरडते. ज्या माणसाने ‘दार हळू लाव’ म्हणत सगळ्या नातेवाइकांना धाकात ठेवलं, तो आता निमूटपणे दार उघडून पुन्हा लावतो.

स्वभाव बदलला आहे तो माझ्या नवऱ्याचा. बँकेत किती पैसे आहेत हे या माणसाने कधी पाहिलं नाही, तो आता बॅटरीच्या टक्क्यांवरून नजर हलवत नाही. मध्यंतरी पुण्याहून साताऱ्याला येताना, शिरवळच्या पुढे टक्के फार उतरले म्हणून एका हॉटेलच्या आवारात गाडी चार्जिंगला लावली. तासाभराची निश्चिंती. आईने चिवड्याचा डबा काढला. हळूहळू माणसं जमली. कोणी वाकून केबल पाहिली, कोणी ‘पावसात शॉक बसत नाही का?’ विचारलं. शेवटी डिझेल गाडीचा एक मालक पुढे झाला आणि त्याने तो सनातन प्रश्न टाकला.

“किती देते?”

“फुल चार्जला साधारण तीनशे,” नवरा प्रामाणिकपणे म्हणाला.

माणूस ‘एवढंच?’ अशा चेहऱ्याने वळला. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि अण्णा काठी टेकत खाली उतरले. विजेच्या गाडीचं गणित उलटं असतं. गावातल्या ब्रेकागणिक थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि हायवेच्या वेगाला तीच बॅटरी भराभर उतरते. पण हे त्यांना सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

“तीनशे गावात,” अण्णा म्हणाले. “हायवेला साडेचारशे.”