शनिवारी लायब्ररी, म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा अशा कुंपणापाशी या, मोठ्याने बोलायची सोय नाही. समोरच्या काकूंचा धाकटा... तोच हो, लंडनला एमएस्सी करायला गेलेला. काकू सगळ्या सावेडीला सांगत सुटल्या होत्या ना, की बाळाला शनिवार-रविवारीसुद्धा लायब्ररीतून डोकं वर काढायला फुरसत नाही, फोन केला तर दोन मिनिटांत ठेवतो. परवा भिशीत तर डोळ्यांना पदर लावला. आणि नेमकी तेव्हाच माझ्या जावेची मुलगी मोबाईल घेऊन पुढे! "काकू, दादाचं स्टेटस बघितलंत का?"

घरच्यांना हाइड केलं होतं हो पठ्ठ्याने. गल्लीला विसरला!

काकूंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि चेहरा असा खर्रकन उतरला म्हणता... हातातली चकली हातातच. कोपऱ्यावरच्या वहिनी तर मान लांब करून बघायला लागल्या. त्यांना वाटलं, आता पबचे फोटो निघणार. पण निघालं काय, तर ब्रिटिश म्युझियम! मग ते डायनासोरचे सांगाडे, मग टिपूचा तो लाकडी वाघ, साहेबाच्या नरड्यावर बसलेला. वहिनींचाही चेहरा पडला की, वेगळ्या कारणाने. आता या मोठ्या म्युझियमना तिथे तिकीट नाही, हे काय मी सांगायला हवं? जमिनीवर कर्ज काढून गेलेलं पोर, पौंड शंभराच्या वर, टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांवर काम करायची मुभा नाही. ते फुकटातच फिरणार. बसचं एक तिकीट काढलं की तासभर दुसरी, तिसरी बस त्याच पैशांत. हा म्हणे तेवढ्यात अर्धं लंडन पालथं घालतो. आपल्याकडे डोंगरगणला जायचं तरी गाडी कोण काढणार यावर दोन रविवार जातात.

तर काय सांगत होते... हां, हाउन्स्लोचा वडापाव! २००९ च्या मंदीत नोकरी गेली म्हणून मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी पुढच्या साली सुरू केलेला, तोच. फोटोत तीन वडे आणि तळलेली मिरची. आणि काकू आम्हाला काय सांगत होत्या? "त्याला आता पास्ताच लागतो." मी काही बोलले नाही हो. नुसतं जावेकडे बघितलं.

एक फोटो मात्र मलाही आवडला. किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, बाबासाहेब १९२१-२२ ला राहायचे ते. २०१५ साली आपल्या सरकारने विकत घेतलं, तेव्हा किती गाजलं होतं! पोरगा दाराशी उभा, शर्ट खोचलेला, केस विंचरलेले. घरी कधी पाहिलाय का असा? आणि मजा ऐका, तिथल्या शेजाऱ्यांनी पण कौन्सिलकडे तक्रार केलेली, लोक फार येतात, गडबड होते म्हणून. त्या घराचं म्युझियम करायला परवानगीच नाकारली होती. २०२० साली अपिलात सुटलं बाई एकदाचं. म्हणजे शेजारी तिथेही तसलेच! मी आपल्याबद्दल नाही हो, कोपऱ्यावरच्यांबद्दल म्हणतेय.

हे सगळं आमच्या नानांच्या कानावर गेलं. ते ओट्यावरूनच गरजले, "म्युझियमं कसली बघता? आपल्या पारनेरचे सेनापती बापट स्कॉलरशिपवर एडिनबराला इंजिनिअरिंग शिकायला गेले, आणि तिथून लंडनला इंडिया हाउसमध्ये सावरकरांकडे!" खरंच आहे म्हणा. इंग्रजांविरुद्ध बोलले म्हणून स्कॉलरशिप गेली, मग पॅरिसला जाऊन रशियन माणसाकडून बॉम्बची विद्या घेऊन आले. काकू एवढंसं तोंड करून म्हणाल्या, "नाना, आमचा बाळ फक्त वडापाव खायला गेला हो."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कोणाला सांगू नका. शेवटचा फोटो ग्रिनिचचा. ती शून्य रेखांशाची रेघ. आत अंगणात जायचं तर तिकीट, म्हणून हा बाहेरच्या वाटेवर, एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. फोटो चांगला आठ-दहा पावलांवरून काढलेला. काकू विषय बदलायला म्हणाल्या, "बघा, कसा एकटा फिरतो बिचारा."

जावेच्या मुलीने विचारलंच, "मग फोटो काढला कोणी?"

"ट्रायपॉड आहे त्याच्याकडे," काकू फटकन म्हणाल्या. "मीच पैसे पाठवले होते."

असेल हो, नाही कोण म्हणतंय? पण फोटोत खाली त्या ट्रायपॉडची सावली पडलीये, आणि तिला चांगली कमरेपर्यंत वेणी आहे!