दंड हजार, फी दीड हजार

भोपाळच्या कोलार रोडवर पोह्यांचा ठेला लावायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. सलून उघडायचं तर गुमास्ता हवा. ऑटोला परमिट हवं, फिटनेस हवी. माणसाचं मन उघडायला मात्र जिन्याखालची एक खोली आणि चालू असलेला एसी पुरतो.

रोड सहापदरी झाला, तशा पाट्याही रुंदावल्या. 'माइंड हीलर', 'सबकॉन्शस कोच', खाली बारीक अक्षरात 'वास्तुदोषही पाहिले जातील'. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र : दोन रविवारांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं.

कायदा नाही असं नाही. 1992 चा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव केंद्रीय नोंदवहीत असावं लागतं आणि त्याआधी मान्यताप्राप्त, देखरेखीखालचं प्रशिक्षण. नोंदणीशिवाय काम केलं तर वर्षभरापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत.

हजार! आमच्या हीलरसाहेबांची एका बैठकीची फी दीड हजार. म्हणजे कोर्टाने फक्त दंड केला, तोही कमाल, तरी एका गिऱ्हाइकाच्या रडण्यात तो फिटतो आणि वर पाचशे उरतात. उद्या साहेब 'दहा बैठकांवर एक दंड फ्री' अशी योजना काढतील, दंडाची पावती लॅमिनेट करून त्या प्रमाणपत्राशेजारी टांगतील आणि 'शासनमान्य' म्हणून दाखवतील. बिनपरवाना गाडी चालवण्याचा दंड 2019 च्या दुरुस्तीने पाचशेवरून पाच हजारांवर नेला. एवढ्या वर्षांत पेट्रोल वाढलं, पोहे वाढले, स्कूटी चालवणाऱ्याचा गुन्हा दसपट महागला. डोक्याशी खेळणाऱ्याचा आहे तिथेच.

तोही भरायची वेळ साहेबांवर येत नाही. ते स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवतच नाहीत ना! आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 चा नवा कायदा आला, त्याच्या यादीत समुपदेशक आहेत. 'हीलर' नाही. झालं, सुटले.

इथवर हसून घ्या. पण कोचिंगला जाणारं सतरा वर्षांचं पोर रात्ररात्र जागं राहतं आणि हा माणूस त्याच्या आईला सांगतो, "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, व्हायब्रेशन बिघडतात." हा शुद्ध हलकटपणा आहे, आणि त्याची किंमत हजार रुपयांत लागत नाही. त्याहून राग येतो आपल्या मंडळींचा. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या पोराचं ओळखपत्र दारातच तपासतील, आधार कार्ड मागतील, चपला बाहेर काढायला लावतील. इथे मात्र "किती छान बोलतात हो!" म्हणत शेजारच्या काकूंनाही घेऊन जातील.

छान तर साड्यांच्या दुकानातला सेल्समनही बोलतो.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. "मी डिग्रीच्या पलीकडे गेलोय" असं उत्तर आलं तर उठा, आणि दीड हजार खिशातच राहू द्या. गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.