श्रवणभक्तीचे इंग्रजी

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला जो उपदेश वारंवार केला जातो तोही याच भक्तीचा आहे : ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचे बोलणे कानांवर पडू द्यावे, म्हणजे ती आपोआप जिभेवर येते. या उपदेशातील 'आपोआप' हा शब्द वगळल्यास त्यात आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही.

अडचण अशी की, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेला कान प्रत्येक शब्द सोवळ्यात, आपापल्या पाटावर बसलेला ऐकण्याची अपेक्षा करतो, तर लंडनचा रहिवासी सगळे शब्द एकाच ताटात कालवून पुढे करतो. याचे शास्त्रीय कारण असे, की मराठीत बहुतेक अक्षरांच्या वाट्याला जवळपास सारखा वेळ येतो, इंग्रजीची लय मात्र आघातांवर, म्हणजे ठरावीक अक्षरांवर दिलेल्या जोरावर, तोललेली असते; दोन आघातांच्या मध्ये सापडलेल्या अक्षरांनी गर्दीच्या वेळच्या लोकलमधील चौथ्या प्रवाशाप्रमाणे अंग चोरून बसायचे असते. अशा अंग चोरलेल्या स्वराला ध्वनिशास्त्रात 'श्वा' म्हणतात. तो एक आळसावलेला 'अ' असून इंग्रजी बोलण्यात सर्वाधिक वेळा येणारा स्वर तोच आहे, तरी इंग्रजी वर्णमालेने त्याला स्वतःचे अक्षर दिलेले नाही. 'टू', 'अँड', 'हॅव' अशा शब्दांची याच कारणाने जी कृश रूपे होतात, त्यांना दुर्बल रूपे असे नाव आहे. परिणामी 'कुड हॅव'चे 'कुडव' होते, 'डू यू वाँट टू'चे 'जवॉना' होते, आणि हे जवॉना कोणत्या घराण्यातले याचा श्रोता विचार करीत असताना रांगेतील पुढचे गिऱ्हाईक चहा घेऊन गेलेले असते. गावांची नावेही या काटछाटीतून सुटलेली नाहीत. स्पेलिंगात नऊ अक्षरे बाळगणारे लेस्टर शहर बोलताना दोनच खर्च करते, त्यामुळे 'लायसेस्टर'ची वाट पाहणारा प्रवासी गाडी सुटेपर्यंत फलाटावर निर्धास्त बसलेला आढळतो.

याबद्दल एकट्या इंग्रजांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. 'तू कोठे चालला आहेस' असे पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी कोणाला विचारल्याचे ऐकिवात नाही. सर्वत्र 'कुठे चाललायस' हेच चालते, आणि उत्तरादाखल जो घराबाहेर पडतो तो जाताना 'येतो' म्हणतो. मराठी शिकणारा परदेशी विद्यार्थी अशा वेळी दारातच ताटकळत उभा राहिल्यास त्याच्या आकलनशक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

शब्द ऐकू आले तरी अर्थ हाती लागतोच असे नाही. ब्रिटनमध्ये 'ऑल राइट?' हे प्रकृतीची चौकशी करणारे वाक्य नसून निव्वळ अभिवादन आहे आणि त्याचे उत्तरही बहुधा 'ऑल राइट' इतकेच असते, ही गोष्ट ठाऊक नसलेला सज्जन आपल्या पित्तप्रकृतीचा साद्यंत इतिहास सांगू लागतो. 'क्वाइट गुड' ही अमेरिकेत स्तुती असते, पण ब्रिटिश माणसाच्या तोंडी तिची किंमत बऱ्याचदा 'ठीक आहे'इतकीच असते. 'विथ रिस्पेक्ट' या शब्दांनी आरंभ झाला, की पुढे आदराखेरीज काहीही येऊ शकते.

तेव्हा नवशिक्या श्रोत्याला सोयीचा वक्ता शोधायचा, तर तो लंडनच्या भुयारी रेल्वेत सापडतो. डबा आणि फलाट यांमधील फटीकडे लक्ष द्या, या अर्थाची 'माइंड द गॅप' ही सूचना तो तीनच शब्दांत, शांतपणे देतो, आणि एकदा समजली नाही तरी न चिडता पुन्हा देतो. नॉर्दर्न लाइनवर ही सूचना ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात ऐकू येत असे. त्याच्या निधनानंतर त्याची पत्नी तो आवाज ऐकण्यासाठी एम्बँकमेंट स्थानकाच्या फलाटावर जाऊन बसत असे, आणि श्रवणभक्ती हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडावा असे या विषयातील उदाहरण बहुधा तेवढेच आहे. २०१२ मध्ये नवी यंत्रणा आल्यावर तो आवाज बंद झाला. पत्नीच्या विनंतीवरून २०१३ मध्ये त्या एका स्थानकावर तो पुन्हा सुरू करण्यात आला.